मेश्राम सरांचा नाताळ

मेश्राम सर देव मानत नव्हते, आणि आमच्या गावातला नाताळ त्यांच्यावाचून अडायचा. या दोन गोष्टी एका माणसात कशा मावल्या, हे त्यांच्याबरोबर एका शाळेत इतकी वर्षं नोकरी करूनही मला नीट सांगता येणार नाही. पण डिसेंबर लागला, सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघायला लागली, की मला तो खडूस विज्ञानशिक्षक आठवतो आणि जीव हळवा होतो. आधीच सांगून ठेवते, सरांना हा हळवेपणा अजिबात आवडला नसता.

आमचं गाव ब्रह्मपुरीहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. धानाच्या बांध्या म्हणजे भातखाचरं, तलाव, बसस्टँड, हायस्कूल, ग्रामीण रुग्णालय आणि एका कोपऱ्यात कौलारू छपराचं लहानसं चर्च. ख्रिस्ती घरं मोजकीच. बहुतेक जण दवाखान्याच्या नाहीतर शाळेच्या नोकरीमुळे इथे आलेले आणि मग इथलेच झालेले. मी मराठी शिकवायला रुजू झाले तेव्हा सर शाळेत मुरलेले होते. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात खडू, आणि जिभेवर एकच प्रश्न : "कशावरून?"

पोरगं म्हणालं, "सर, काल ताप होता," की सर विचारत, "कशावरून?" मुख्याध्यापक म्हणाले, यंदा धान चांगलं होणार, की सर लगेच, "कशावरून?" कुणी पाया पडायला वाकलं की दोन पावलं मागे सरकायचे. "पायाले धूळ आहे. हात खराब होईन तुया," म्हणायचे, आणि खरंच त्या पोराला नळावर पाठवायचे. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्यासमोर राशिभविष्य वाचायची कुणाची छाती नव्हती. मी एकदा वाचलं. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी विचारत होते, "बाई, कालचा धनलाभ झाला का?"

सर बौद्ध घरातले. त्यांच्या वडिलांनी देव घराबाहेर काढून ठेवले होते, सर म्हणायचे, "मी त्याईच्या मागून निस्ता झाडू मारला." आणि अशा माणसाने लग्न केलं होतं ते दवाखान्यातल्या करुणा सिस्टरशी, ज्या जेवायला बसण्यापूर्वी डोळे मिटून प्रार्थना करायच्या, रविवारची उपासना कधी चुकवायच्या नाहीत आणि इंजेक्शन देण्याआधी मनातल्या मनात प्रभूचं नाव घ्यायच्या. सिस्टर मूळच्या नगरकडच्या. नेमणूक इथे झाली, सरांचा हात एकदा प्रयोगशाळेत भाजला, पट्टी बांधायला गेले ते वरचेवर जातच राहिले. लग्न कचेरीत, सह्या करून झालं. कुणी कुणाचा धर्म घेतला नाही. घरात एका भिंतीवर बुद्ध, समोरच्या भिंतीवर बायबलच्या वचनांचं कॅलेंडर, आणि मध्ये जेवणाचं टेबल. दोघं घरातही एकमेकांना 'सर' आणि 'सिस्टर' म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना.

आता ताऱ्याचं सांगते. डिसेंबरच्या सुरुवातीला सर बुरडांच्या मोहल्ल्यात जायचे आणि बांबूच्या कामट्या निवडायचे. आमच्याकडे बांबूला तोटा नाही, पण सरांना पसंत पडेल अशी कामटी मिळेपर्यंत बुरडांचा जीव मेटाकुटीला यायचा. मग अंगणात पसारा. पाच टोकांचे दोन सांगाडे एकमेकांवर बांधायचे, मधे बांबूच्या बारीक चोया खोचून पोट फुगवायचं, वरून पतंगी कागद. मैद्याच्या खळीत मोरचूद घातलेलाच हवा, नाहीतर झुरळं कागद खातात. आत बल्ब. तयार झालेला तारा माणसाएवढा असायचा, आणि तो चर्चच्या आवारातल्या उंच बांबूवर चढला की गावाला कळायचं, नाताळ आला. हल्ली बाजारात प्लास्टिकचे लुकलुकणारे तारे मिळतात. तसला एक सिस्टरनी हौसेने आणला होता. सर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "याले काय झालं? फिट आली काय?" तो तारा पुन्हा दिसला नाही.

गंमत म्हणजे हेच सर वर्गात सांगायचे, की तारा कुणाला वाट दाखवत चालत नाही, आपल्याला तो सरकताना दिसतो तो पृथ्वी फिरते म्हणून. बाळ येशूला शोधत ती ज्ञानी माणसं ज्याच्या मागे आली तो तारा म्हणजे कदाचित दोन ग्रह असतील जवळजवळ आलेले, कदाचित काहीच नसेल. ख्रिस्ती पोरं हिरमुसून सिस्टरकडे तक्रार घेऊन जायची. सिस्टर म्हणायच्या, "असू दे रे. बोलतात वर्गात, पण बांधतात अंगणात ना? आपण अंगणातलं बघायचं."

नाताळच्या दिवशी उपासना चालू असताना सर बाहेर चिंचेखाली उभे असत. आत कधी गेले नाहीत. मी एकदा विचारलं, थंडीत इथे कशाला, आत बसा की. म्हणाले, "देव असन तर त्याले मी इथूनबी दिसतो. नसन तर आत बसून काय फायदा?" उपासना संपली की सिस्टर बाहेर यायच्या, पांढऱ्या साडीत, डोक्यावर पदर, आणि आधी सरांच्या गळ्यातला मफलर नीट करायच्या. मग बाकीच्यांना शुभेच्छा.

त्यानंतर डबे निघायचे. सिस्टर केक करायच्या तो गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, वैनगंगेची चाळलेली रेती तापवून, त्यात डबा ठेवून. भट्टी नको की यंत्र नको. करंज्या, शेव, अनारसे यांच्याबरोबर तो केक मोहल्ल्यातल्या घराघरांत जायचा, आणि पोचवायला सर स्वतः सायकलवर. काही घरांत अंडं चालत नसे. त्यांच्यासाठी सिस्टर वेगळा केक करायच्या आणि त्या डब्याला पांढरा दोरा बांधायच्या. दोऱ्याचा डबा बिनअंड्याचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे माझ्या सासूबाई माळकरी, त्यामुळे आमचा डबा कायम दोऱ्याचा.

एका वर्षी वाटेत कुठेतरी दोरे सुटले आणि डब्यांची अदलाबदल झाली. सासूबाईंनी केक खाल्ला, पुन्हा मागून खाल्ला, आणि "यंदा सिस्टरचा हात चांगला बसला" असं मोठ्या मनाने जाहीर केलं. घोटाळा झाल्याचं सरांना त्याच संध्याकाळी कळलं. सिस्टर म्हणाल्या, राहू द्या, म्हातारीचं मन कशाला दुखवायचं. मीही हात जोडले. पण सर दुसऱ्या दिवशी सकाळीच आमच्या ओसरीवर हजर. "आई, काल तुम्ही खाल्ला तो अंड्याचा होता. चूक माझी."

सासूबाईंनी हातातली जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मास्तर, मले नसतं सांगतलं त चाललं नसतं का?"

"तुम्हाले चाललं असतं. मले नसतं चाललं."

सासूबाईंनी त्या दिवशी उपास केला. पण तेव्हापासून गावात कुणी काही सांगितलं की त्या विचारायच्या, "मास्तर काय म्हनते?" मास्तर म्हणतात म्हणजे खरं, एवढंच त्यांना पुरे होतं. मला मात्र सरांचा राग आला होता. एवढं सरळ असणं चारचौघांत राहणाऱ्या माणसाला परवडत नाही, असं मला वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

विहारातली तरुण मंडळी सरांवर वेगळ्याच कारणाने नाराज असायची. एकदा त्यांच्यातल्या एकाने रस्त्यातच अडवलं. "सर, आपन देव सोडले ना? मंग तुम्ही हा तारा टांगून काऊन राह्यले?"

"टांगतो. पुजतो का?"

"लोकाईले काय समजणार?"

"लोकाईले विचारू दे. सांगतो न मी. बायकोचा सण आहे, बायकोसाठी करतो." एवढं बोलून सायकलवर टांग टाकली. दोन्हीकडच्यांना सर आपले वाटायचे आणि दोन्हीकडच्यांना त्यांची थोडी अडचण व्हायची. सरांना त्याचं काही वाटत नसे, कारण सिस्टर होत्या.

मग एका पावसाळ्यात सिस्टर गेल्या. आजार मोठा नव्हता, पण नागपूरला नेईपर्यंत उशीर झाला. चर्चच्या मागच्या दफनभूमीत त्यांना ठेवलं. सर शेवटपर्यंत उभे होते, रडले नाहीत. नंतर शाळेत आले तर त्यांचं ते 'कशावरून' बंद झालेलं. पोरं खोटी कारणं सांगायची आणि सर मान हलवायचे. मला ते बघवत नव्हतं.

त्याच वर्षी चर्चला नवे पाळक आले. तरुण, सिरोंचाकडचे, घरी तेलुगू बोलणारे, त्यामुळे त्यांचं मराठी पुस्तकातलं, स्वच्छ. माणूस मनापासून श्रद्धाळू. त्यांचं म्हणणं, की तारा, झाड, केक, लाल टोपीतला म्हातारा, हे सगळं माणसांनी मागून जोडलेलं आहे आणि त्या गर्दीत प्रभूच हरवतो. यंदा फक्त उपासना, बाकी काही नको. मंडळींत कुजबुज झाली. जुन्या बायांना वाईट वाटलं. पण पाळकसाहेबांसमोर कोण बोलणार?

सरांच्या कानावर हे गेलं नव्हतं, की गेलं आणि त्यांनी मनावर घेतलं नाही, मला माहीत नाही. डिसेंबरात मी त्यांच्या घरावरून जात होते तर अंगणात कामट्यांचा पसारा. सर एकटेच कागद चिकटवत होते. खळ पातळ झाली होती, खळ नेहमी सिस्टर शिजवायच्या. मी काही न बोलता आत जाऊन दुसरी शिजवली. कितीतरी महिन्यांनी सरांच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी दिसली.

तारा सायकलवर मावेना, म्हणून एका बाजूने त्यांनी धरला, दुसऱ्या बाजूने मी, आणि आम्ही तो भर बाजारातून चर्चच्या आवारात नेला. आत बाया झाडलोट करत होत्या. पाळकसाहेब बाहेर आले. ताऱ्याकडे बघून म्हणाले, "सर, सुंदर आहे. पण यंदा आम्ही लावणार नाही. हे शास्त्रात सांगितलेलं नाही. पंचवीस तारीखसुद्धा शास्त्रात नाही."

"हे त मी शाळेत बोंबलून सांगत असतो," सर म्हणाले. "म्हनून तारा बंद कराचा?"

"आम्हाला प्रभूचा जन्म हवा. जत्रा नको."

"सिस्टरले दोन्ही पाह्यजे होतं."

पाळकसाहेब जरा घुटमळले. सिस्टरबद्दल त्यांनी सगळ्यांकडून ऐकलं होतं. मग हळू आवाजात म्हणाले, "एक विचारतो. तुमचा विश्वास आहे का? तुम्ही विश्वासाने हे आणलं असेल, तर मी मंडळीपुढे पुन्हा विषय ठेवतो. तुमचा एक शब्द मला पुरेसा आहे."

बायांचे झाडू थांबले. सिस्टरच्या मैत्रीण लीलाबाई पाळकांच्या मागून जोरजोरात मान हलवत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. मीसुद्धा मनात तेच म्हणत होते.

"नाई," सर म्हणाले. "माझा विश्वास नाई. तिचा होता. तिच्या देवाले मी काई देऊ शकलो नाई, म्हनून तिले वर्षातून एक तारा देत होतो."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली. पण नाही म्हटलेलं त्यांनी बदललं नाही. आम्ही तारा परत आणला. वाटेत मी चिडले, एक 'हो' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? सर म्हणाले, "बाई, खोट्या 'हो'वर टांगलेला तारा तिनं पाह्यला असता का?" आणि लगेच स्वतःलाच दुरुस्त करत पुटपुटले, "पाहाले ती नाई म्हना." मी उरलेली वाट पदराने डोळे पुसत चालले.

तारा त्यांच्या ओसरीवर भिंतीला टेकून पडला. तोडगा सुचला तो माझ्या सासूबाईंना. म्हणाल्या, "दवाखान्यात लावा म्हना. सिस्टर त्या देवळात हप्त्यातला एक रोज जाये, दवाखान्यात सारे रोज."

आम्ही दवाखान्याच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, स्वभावाने भले, पण मागे वॉर्डात कुणी पूजा मांडली म्हणून तक्रार झाली होती आणि तेव्हापासून ते धास्तावलेले. म्हणाले, "सर, सिस्टरसाठी मी नाही म्हणणार नाही. फक्त एवढं सांगा, की हे धार्मिक नाही. मी आत्ता शिडी काढून देतो."

एकाच आठवड्यात सरांकडे दोघांनी एकेक शब्द मागितला. तिथे 'हो' हवं होतं, इथे 'नाही'. हे 'नाही' तर सर जन्मभर म्हणत आले होते. मी निर्धास्त होते.

"माझ्यासाठी नाई," सर म्हणाले. "पन जिच्यासाठी केला, तिच्यासाठी होता. तिनं कधी त्याले निस्ता कागद समजला नाई. मंग मी कसा सांगू, धार्मिक नोहोय म्हनून?"

डॉक्टरांनी हात वर केले. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

गाव लहान. ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळीकडे झाली. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी सरांना आणि मला निरोप पाठवून बोलावलं. जाऊन बघतो तर समोर पाळकसाहेब बसलेले. बाहेर रोग्यांची रांग, दार उघडं. आम्ही बसलो तसे पाळकसाहेब उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी इथल्या मंडळीचा पाळक आहे. या ताऱ्याचा आमच्या उपासनेशी काही संबंध नाही. आम्ही तो नाकारलेला आहे. आमच्या शास्त्राप्रमाणे हा धार्मिक नाही."

मला आधी संताप आला. चर्चमध्ये नको म्हणालात ते म्हणालात, इथेही येऊन तेच? मग डॉक्टरांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या माणसाने आपलं मत तसूभर सोडलं नव्हतं, एक अक्षर खोटं बोलला नव्हता, आणि सरांना जी परवानगी मिळवता आली नाही ती मिळवून दिली होती.

सर त्यांच्याकडे टक लावून बघत होते. आणि कितीतरी महिन्यांनी ते म्हणाले, "कशावरून?"

मी टेबलाखाली त्यांचा पाय दाबला, चांगला जोरात.

"सर," पाळकसाहेब म्हणाले, "वाद नंतर. आधी तारा."

बाळंतिणींच्या वॉर्डासमोर कडुनिंब आहे. सर शिडीवर चढले, पाळकसाहेबांनी शिडी धरली. "मी फक्त शिडी धरली आहे," ते मला म्हणाले, "एवढं लक्षात असू द्या." मी म्हटलं, लक्षात ठेवते. सर दोरी बांधत होते आणि खालून पाळकसाहेब सांगत होते, डावीकडे घ्या, अजून थोडा, हां. नंतर वर्षभर दोघं सरांच्या ओसरीवर भांडत बसायचे. देव आहे की नाही, तारीख कोणती, तारा की ग्रह. दोघांपैकी एकही कधी हरला नाही.

पुढे सरांची नागपूरला राहणारी लेक त्यांना तिकडे घेऊन गेली. तिथेच ते गेले, मला कळलं ते उशिरा. शेवटचं भेटणं झालं तेव्हा ते बसमध्ये चढत होते, गर्दी होती, बोलता आलं नाही. ते मी धरत नाही. माझ्यापुरते सर मला शेवटचे दिसले ते तारा लावला त्या संध्याकाळी.

दिवस मावळत होता. सरांनी बटण दाबलं आणि ताऱ्यात पिवळा उजेड आला. वॉर्डाच्या पायरीवर जंगलाकडच्या गावातून आलेली एक म्हातारी बसली होती, अंगावर घोंगडी, सून आत बाळंत झालेली. ती उठून आमच्याजवळ आली. वर बघून म्हणाली, "हा कोनता देव होय, भाऊ?"

मला वाटलं, आता ग्रहांचा पाठ सुरू होणार.

"देव नोहोय, बाई," सर म्हणाले. "इथी एक सिस्टर होती. तिचा तारा होय."

"पोरीईचं बाळंतपन करे, ते?"

"हो. तेच."

"माया लेकीच्या टायमाले होती ते. रातभर बसली होती जवळ," म्हातारी म्हणाली. तिने घोंगडी सावरली, वर बघत हात जोडले आणि गोंडीत काहीतरी पुटपुटत राहिली. मी सरांकडे बघितलं. त्यांनी तिला दुरुस्त केलं नाही. हात मात्र बाजूला तसेच होते.

म्हातारीने त्यांच्याकडे वळून विचारलं, "तू नाई करत नमस्कार?"

"मले येत नाई, बाई."

सर असं म्हणाले. 'करत नाही' म्हणाले नाहीत, 'मानत नाही' म्हणाले नाहीत. म्हातारीला त्यात काही नवल वाटलं नाही. "मंग तुयाबी मीच करून देते," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा हात जोडले. तिचं होईपर्यंत सर तिच्या शेजारी उभे राहिले, मान वर करून.